फुईची रिकामी डबी

जमनाफुई रोज दुपारी एक रिकामी डबी कानाशी धरून हलवते आणि ऐकते.

डबी मलमाची, पत्र्याची, झाकणावरचं चित्र पार घासून गेलेलं. ती रिकामी आहे हे मी खात्रीने सांगते, कारण फुई चहा ठेवायला आत गेली असताना मी ती उघडून पाहिली होती. तुम्हीही पाहिली असती. फुई ती कमरेच्या पिशवीतून काढते, कानाशी नेते, हलवते, मान तिरकी करून जरा थांबते आणि मग "हं" म्हणून परत पिशवीत ठेवते. ते "हं" काही उगाच नसतं. समोरच्याने काहीतरी सांगावं आणि आपण ते ऐकून घ्यावं, तसलं असतं.

"तिना मालक शे त्या डबीमा," आमच्या शेजारची कोकिळावहिनी मला म्हणाली होती. मालक म्हणजे नवरा. फुईचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला, तेव्हापासून ती इथे माहेरीच. "तो काही सांगस आनि ती ऐकस. मी मन्हा कानघाई ऐकेल शे."

"तुम्ही काय ऐकलं?"

"काहीच नही ना वं! म्हनीसन तं भ्याव लागस."

आता मी शाळेत विज्ञान शिकवते. भूतखेत मानत नाही. नवऱ्याची बदली इकडच्या पाण्याच्या खात्यात झाली म्हणून आम्ही प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठच्या या गावात आलो, तेव्हा मला भीती वाटायची ती उन्हाची आणि विंचवांची. पण मुलगी अडीच वर्षांची, शाळा अकराला भरणार, आणि गावात मूल सांभाळणारी एकच बाई: आमच्या मागच्या भिंतीपलीकडे राहणारी जमनाफुई. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका आपली चिल्लीपिल्ली तिच्याकडे टाकून जायच्या. पैसे ती घेत नाही. घरातल्या रिकाम्या डब्या, फाटकी लुगडी, तुटकी बटणं, असलं काही दिलं की खूष. फुई म्हणजे आत्या. गावाची लेक म्हणून अख्ख्या गावाची ती फुई.

रेवाला घेऊन मी पहिल्यांदा गेले तो दिवस मला चांगला आठवतो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत मिट्ट काळोख. दिवा नाही, खिडकी बंद. दारात उभी राहिले तर काही दिसेना. हळूहळू दिसायला लागलं, आणि वाटलं, नसतं दिसलं तर बरं झालं असतं. वाशाला बाहुल्या टांगलेल्या होत्या. लुगड्याच्या चिंध्यांच्या, पोटात कापूस भरलेल्या, काळ्या दोऱ्याचे केस असलेल्या. हात होते, पाय होते, नाकसुद्धा होतं. डोळे एकीलाही नव्हते.

खाली दोन पोरं मांडी घालून बसलेली. पुढ्यात परात, परातीत सगळी धान्यं एकत्र. पोरं परातीकडे न बघता, तोंडं वर करून, बोटांनी चाचपून दाणे वेगळे करत होती. एक शब्द नाही की रडणं नाही. दोन-तीन वर्षांची मुलं इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती.

"कोन शे?" काळोखातून आवाज आला. "मुकी काबर चालस वं? पायमा काही घाल, वाजू दे."

मी नाव सांगितलं. फुई पुढे आली. पांढरं लुगडं, ताठ अंग, सत्तरीची असेल. ती माझ्याकडे बघत होती, पण माझ्याकडे नव्हती बघत. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे, कानापासून वीतभर अंतरावर लागलेली.

"आनि तुन्हा मांगे कोन शे?"

मी मागे वळले. कुणी नव्हतं. अंगण रिकामं, गल्ली रिकामी. पाणी प्यायला जितका वेळ लागेल तितक्या वेळाने गल्लीच्या वळणावरून कोकिळावहिनी आपल्या मुलाला कडेवर घेऊन येताना दिसली.

तरीही मी रेवाला तिथे ठेवलं. अडला हरी, दुसरं काय.

फुईचं सगळं राज्य खेळण्यांचं. जे फेकायचं ते तिच्याकडे जायचं आणि खेळणं होऊन परत यायचं. ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी, केळीच्या सोपटाची नाव, करवंटीचा तराजू, काडेपेट्यांची आगगाडी. पण ती स्वतः करून द्यायची नाही. पोराच्या मागे बसायची, त्याचे चिमुकले हात आपल्या हातात घ्यायची आणि त्या चार हातांनी काम चालायचं. सुई ओवायची पाळी आली की पोरांपैकी कुणीतरी दोरा थुंकीने ओला करून ओवायचं. अडीच वर्षांचं पोर सुई ओवतंय हे मी माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तुझ्या डोक्यावर ऊन चढलंय.

एकदा मी माझा मोबाईल पुढे करून म्हटलं, "फुई, यात बघा, अशी खेळणी कशी करायची ते सगळं दाखवतात." तिने मोबाईल हातात घेतला, दोन्ही बाजूंनी चोळला, हुंगला आणि म्हणाली, "गुळगुळीत शे. एमा हात घालता येस का?"

"नाही."

"मंग पोरंले काय कामना?"

घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चुलीपासून पाण्याच्या माठापर्यंत, माठापासून दारापर्यंत तिने कमरेच्या उंचीवर दोरे बांधले होते, आणि दोऱ्यांत रिकामी रिळं, बटणं, बाटल्यांची झाकणं ओवलेली. ही पोरांची रेल्वे, असं ती सांगायची. पोरं दोरा धरून झुकझुक करत फिरायची. फुईसुद्धा दोरा धरून फिरायची, आणि मला ते फार गोड वाटायचं.

बाहुल्यांना डोळे का नाहीत, हेही मी विचारलं. कोकिळावहिनीने नको म्हटलं होतं तरी विचारलं.

"डोया लावात का ती देखाले लागस," फुई म्हणाली. "मंग तिले काय काय दखाडशी?"

मी चहा प्याले आणि घरी आले.

पण तिचं खरं वेड खुळखुळ्यांचं. तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला एक डबी मिळायची, तीत एखादं धान्य किंवा बी पडायचं आणि ती डबी पोराच्या करगोट्याला बांधली जायची. मग त्या दाण्याचंच नाव पोराला. कोकिळावहिनीचा मुलगा सरकी. दुसरं एक पोर मका, एक मुलगी तूर. आमची रेवा वाटाणा झाली. डबी भरण्याचा मात्र नियम होता. रेवाने परातीतून वाटाण्यांची मूठ उचलली आणि स्वतःच्या डबीत टाकायला गेली, तर फुईने तिचा हात धरला.

"आपली ओटी आपून भरतस का? दुसरानी भरनी पडस. ये रे सरकी, भर तिनी डबी."

सरकीने अगदी गंभीर चेहऱ्याने एकेक वाटाणा टाकला. रेवाने फ्रॉक पसरून, ओटी भरून घेतात तशी, डबी घेतली. मला हसू आलं. पण मग फुईच्या कमरेची ती रिकामी डबी दिसली आणि मी सहज विचारलं, "आणि तुमची कुणी भरली नाही?"

फुईने परात उचलली आणि आत गेली. ओटीभरणं असो की डोहाळजेवण, फुई ओसरीवरच बसते, आत जात नाही, तिला कुणी आत बोलावतही नाही, हे मला माहीत होतं. कोकिळावहिनीकडेच मी पाहिलं होतं. पण दोन्ही गोष्टी मी तेव्हा एकत्र जोडल्या नाहीत.

हे सगळं चाललं होतं तोवर ठीक होतं. मग रेवा घरी विचित्र वागायला लागली.

डोळे मिटून, हात पुढे करून ती घरभर फिरायची. कुठे धडकायची नाही. जेवताना डोळे मिटायची, ताटातलं वरण बोटाने शोधायची. एका संध्याकाळी नवरा पेपर वाचत होता, तर ही मागून येऊन त्याच्या चेहऱ्यावरून थंडगार बोटं फिरवायला लागली, कपाळ, भुवया, पापण्या. तो इतका दचकला की चहा पेपरवर सांडला.

"काय करतेस गं?"

"फुई फुई खेळते," रेवा म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

आणि दुसऱ्या दिवशी मी आवाज न करता खोलीत आले तर ती एकदम थांबली, मान तिरकी केली, अगदी फुईसारखी, आणि म्हणाली, "आई, तू वाज ना."

नवरा म्हणाला, मुलीला तिथून काढ. कोकिळावहिनीने तर आपल्या मुलाच्या गळ्यात ताईत बांधला होता आणि दुसऱ्या बाया आपसांत कुजबुजत होत्या. डबीतला मालक आता पोरांच्या अंगात येतो असं ठरलं होतं. सगळ्यांनी मिळून पोरं काढून घ्यायची, पण फुईला सांगायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा. मी शिकलेली, शिवाय परगावची, म्हणून ती माझ्या वाट्याला आली.

शनिवार होता, शाळा अर्धीच. वाक्यं मनात जुळवत मी भर दुपारी फुईच्या दारात पोचले. त्या घरातून या वेळी चार खुळखुळ्यांचा आवाज गल्लीपर्यंत येतो. त्या दिवशी काहीच येत नव्हता.

आत गेले. तीन पोरं भिंतीला टेकून ओळीने बसलेली. तिघांनी आपापली डबी दोन्ही मुठींत घट्ट आवळून धरली होती, वाजू नये म्हणून. सरकीने मला बघून ओठांवर बोट ठेवलं. वर त्या बिनडोळ्यांच्या बाहुल्या वाऱ्याने हळू फिरत होत्या. माझी मुलगी कुठेच नव्हती.

"फुई?" मी हाक मारली.

"चूप!" मागच्या खोलीतून आवाज आला. "मन्हा वाटाना वाजी नही ऱ्हायना वं!"

त्या मागच्या खोलीत फुईच्या, सुरतेला राहणाऱ्या भाच्याच्या वाट्याचा कापूस ठेवलेला असतो. गाडी येईपर्यंत वेचणीचा कापूस आणून ओतत जायचा, छताला लागेपर्यंत. इकडे घरोघरी असतो. खोलीला बाहेरून कडी असते, कारण पोरं त्यात उड्या मारतात आणि कापूस पोराला गिळतो, वर काही खूण राहत नाही. सकाळी गडी माणूस कापूस टाकून गेला होता आणि कडी तशीच राहिली होती. दार सताड उघडं होतं.

फुई गुडघ्यांवर होती. एक कान त्या पांढऱ्या ढिगाला लावलेला, तोंड माझ्याकडे, डोळे उघडे आणि हलत नव्हते. ती नुसती ऐकत होती.

"आठे," ती म्हणाली आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत ढिगात घातले. मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. ती कापूस उपसून मागे फेकत होती, मीही तुटून पडले, आणि वरचा ढीग घसरला, आणि घसरता घसरता डावीकडे एक पाऊल उघडं पडलं. इवलंसं, पैंजण घातलेलं.

"फुई, समोर! ते बघा, पाय! तुमच्या समोर!"

फुईचा हात उजवीकडे गेला. पाऊल तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होतं, उजेड त्याच्यावर पडला होता, आणि फुई उजवीकडे कापूस चाचपत होती. "कोठे? कोठे शे? हात धर मन्हा!"

मी पाय धरून ओढलं. रेवा बाहेर आली. पापण्यांवर, नाकात, तोंडात कापूस. एक क्षण ती हललीच नाही, आणि त्या एका क्षणाबद्दल मी अजून कुणाशी बोललेले नाही. मग तिला शिंक आली. मग दुसरी. मग तिने भोकाड पसरलं आणि कमरेची डबी खुळखुळ वाजायला लागली.

त्या आवाजासरशी फुई तिथेच कापसात बसली आणि आपले दोन्ही हात तोंडावर घेऊन रडायला लागली.

मला राग आला होता. खोटं कशाला सांगू, हात उगारावा इतका आला होता. रेवाला छातीशी धरून मी विचारलं, "कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"दोन-तीन साल व्हई गयात. पयले एक डोया गया, मंग दुसरा. काचबिंदू शे, डाक्टर सांगस, परत येवाव नही."

"आणि कुणाला सांगितलं नाही? इतकी मुलं घेता तुम्ही!"

"सांगं असतं तं भाचा सुरतले लई जाता." ती माझ्या कानाशेजारच्या हवेकडे बघत बोलत होती. "एकदाव गयथू मी. सातवा मजलावर घर. दार लायं का काहीच वाजस नही. तठे मी कोनना आवाज वळखसू वं?"

मग मला दिवसाउजेडी सगळं दिसायला लागलं. काळोख. कमरेएवढे दोरे. पोरांनी ओवलेल्या सुया. बाहुल्यांचे डोळे तिला सरळ लावता येत नव्हते, एवढंच होतं. विज्ञानाची बाई मी, आणि माझ्याआधी हे माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला कळलं होतं. चारही पोरांना माहीत होतं. त्यांना तो खेळ वाटत होता, आणि खेळ मोडायचा नसतो म्हणून कुणी बोललं नव्हतं.

"त्या डबीत काय ऐकता?" मी विचारलं. आता सगळंच विचारून घ्यायचं होतं.

फुईने कमरेची पिशवी चाचपली. "काही नही," ती म्हणाली. "कोनी काही टाकं का, ते देखस."

"मग कुणाला सांगायचं टाकायला."

"ओटी मांगतस का वं? मन्हासारखी बाईनी कोन भरस?"

मी रेवाला घेऊन घरी आले आणि दार लावून पोटभर रडले.

संध्याकाळी वेचणीवरून बायका परतल्या तेव्हा मी त्यांना ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. लपवण्यासारखं ते नव्हतं, त्यांचीही मुलं होती. आता फुईचं इथलं दाणापाणी संपलं, असंच मला वाटत होतं. कोकिळावहिनी तोंडाला पदर लावून ऐकत होती.

"म्हनजे ती आंधी शे?" शेवटी ती म्हणाली.

"हो."

"आनि डबीमा मालक नही?"

"नाही हो."

"माय वं!" तिने इतका मोठा श्वास सोडला की ओट्यावरचं मांजर उठून गेलं. "आंधी शे, मंग भ्यावानं काय! आम्ही केवढा घोर लाई लिधा!" आणि सगळ्याजणी हसायला लागल्या. भुताच्या मानाने काचबिंदू म्हणजे त्यांना घरचंच माणूस वाटलं. दुसऱ्या दिवशी कापसाच्या खोलीची कडी उंचावर गेली आणि तिला कुलूप लागलं. रोज एकीने वेचणीवरून लवकर येऊन फुईकडे बसायचं ठरलं. शनिवार माझा. फुईने सगळ्यांची एकच अट मान्य केली नाही. दिवा लावला तर चालेल, पण दोरे काढायचे नाहीत, म्हणाली.

पहिल्या शनिवारी मी गेले ती पायात घुंगरू बांधून. शाळेच्या स्नेहसंमेलनातलं उरलेलं होतं. "ये, बाई उनी," फुई दारातूनच म्हणाली. मी रेवाला तिच्या पुढ्यात बसवलं. फुईची डबी मागून घेतली, उघडली आणि रेवाच्या पुढे धरली. "फुईची ओटी भरायची. काय घालू या?"

रेवाने परातीकडे पाहिलं. तूर नको, मका नको, सगळी पोरांचीच नावं. मग तिने तोंडात बोट घातलं आणि सकाळपासून गालात धरलेला चिंचोका काढून डबीत टाकला. लाळेने लडबडलेला. मी झाकण लावलं. हळदकुंकवाची पुडी मी पर्समधून आणली होती. डबीला आधी कुंकू लावलं आणि मग, मनाचा हिय्या करून, फुईच्या कपाळालाही. तिने मान मागे घेतली नाही. दोन्ही हातांनी पदर पसरला आणि डबी पदरात घेतली.

कानाशी नेऊन तिने हलवली. काही वाजलं नाही. ओला चिंचोका तळाला चिकटून बसला होता. तिचा चेहरा एकदम उतरला, नेहमीसारखं "हं" म्हणायला तिने तोंड उघडलं.

"ओला शे तो," सरकी जोरात म्हणाला. "उद्या वाजी."

रविवारी सकाळी मी न्हाणीत कपडे धूत होते. भिंतीपलीकडून, फुईच्या घरातून, दोऱ्यावरची रिळं सरकल्याचा आवाज आला. ती चुलीकडे निघाली होती. आणि रिळांच्या मागोमाग, तिच्या प्रत्येक पावलाला, टक, टक, टक. मी नळ बंद केला. दारातून रेवा ओरडत आली, डोळे मिटून, हात पुढे करून.

"आई, चिंचोका उठली!"